हिवाळ्यात विकला जाणारा उन्हाळा
सुटीच्या हंगामातील पोशाख, त्यांना प्रसिद्धी देणाऱ्या तारका आणि त्यामागील शंभर वर्षांचा व्यापार

नोव्हेंबर उजाडला की पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क येथील पेठांत थंडी उतरते. रस्त्यावरून जाणारी माणसे लोकरी कोट आवळून चालत असतात. नेमक्या त्याच दिवसांत मोठ्या वस्त्रगृहांच्या काचेआड पातळ सुती झगे, लिननच्या सैल विजारी, रुंद काठांच्या गवती टोप्या आणि पोहण्याचे पोशाख मांडले जातात. व्यापाराची जाण असलेल्या माणसाला हा हिशेब प्रथमदर्शनी उलटा वाटेल. ऋतू एक आणि माल दुसराच! परंतु या उलट्या दिसणाऱ्या हिशेबावर जगातील नामांकित फॅशनगृहांच्या विक्रीचा मोठा वाटा उभा आहे. या मालाला ‘रिसॉर्ट’ किंवा ‘क्रूझ कलेक्शन’ असे म्हणतात. मराठीत त्याला सुटीच्या हंगामाचा वस्त्रसंग्रह म्हणता येईल.

एखादी चित्रतारका नौकेवर किंवा समुद्रकाठी भडक रंगांच्या, धीट कापाच्या पोशाखात दिसते आणि दुसऱ्या दिवशी घराघरांतील मोबाइलवर ते छायाचित्र पोहोचते. तरुण पिढीला त्यात हौस दिसते, तर वडीलधाऱ्यांना उधळपट्टी. पेढी चालविणाऱ्या घराला त्यात आणखी एक गोष्ट दिसावयास हवी. हा माल कोणी, कोणासाठी, कोणत्या वेळी आणि कोणत्या हिशेबाने तयार केला, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

रिकाम्या महिन्यांचे गणित

पाश्चात्त्य फॅशनव्यवसायाचे मुख्य हंगाम दोन. वसंत-ग्रीष्म आणि शरद-हेमंत. हिवाळी माल साधारण जुलै-ऑगस्टपासून दुकानांत येऊ लागतो. डिसेंबरपर्यंत तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना जुना झालेला असतो आणि वर्षअखेरीच्या सवलतींत त्याचा भाव उतरतो. उन्हाळी माल यावयास फेब्रुवारी उजाडतो. मधल्या महिन्यांत दुकानात दाखविण्यासारखे नवे काहीच उरत नाही, आणि नाताळामुळे खरेदीला निघालेले गिऱ्हाईक मात्र दाराशी उभे असते.

ही पोकळी सुटीचा संग्रह भरून काढतो. तो मे-जूनच्या सुमारास सादर होतो, नोव्हेंबरात दुकानांत पोहोचतो आणि पुढील उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पूर्ण किमतीने विकला जाऊ शकतो. इतर संग्रहांपेक्षा त्याला दुकानात अधिक काळ मिळतो. शिवाय हलके कापड दुबईत, सिंगापुरात आणि मुंबईतही चालते. लोकरी कोट तेथे कोण घेणार? मुख्य हंगामाच्या प्रदर्शनात रचनाकार आपली प्रतिभा दाखवितो. सुटीच्या संग्रहात मात्र नेसता-घालता येण्याजोग्या वस्तूंवर भर असतो. माल पडून राहिला की भांडवल अडकते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या संग्रहाचे महत्त्व अधिक सांगावयास नको.

समुद्रकाठचे पहिले धाडस

या व्यापाराचे बीज विसाव्या शतकाच्या आरंभी पडले. युरोपातील धनिक कुटुंबे हिवाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याकडे जात. अमेरिकेतील धनिक फ्लोरिडाच्या पाम बीचकडे वळत. आगगाडी आणि आगबोट यांच्यामुळे हा प्रवास सुखाचा झाला होता. पण या प्रवासाला साजेसे कपडे नव्हते. कंबर आवळणारी काचोळी आणि जमिनीवर लोळणारे घागरे घालून वाळूत चालणार कसे?

गॅब्रिएल शानेल या तरुण व्यावसायिकेने ही अडचण हेरली. १९१२ मध्ये तिने दोव्हिल या समुद्रकाठच्या गावी दुकान काढले आणि १९१५ मध्ये बियारिट्झ येथे वस्त्रगृह सुरू केले. पहिले महायुद्ध चालू होते. उंची कापडाचा तुटवडा होता. तिने जर्सी हे विणीचे लवचिक कापड हाती घेतले. तोपर्यंत ते मुख्यतः पुरुषांच्या अंतर्वस्त्रांसाठी वापरले जाई आणि उंची पोशाखाच्या बाजारात त्याला मान नव्हता. त्याच स्वस्त कापडाचे तिने सैल, सुटसुटीत पोशाख केले. श्रीमंत स्त्रियांनी ते आनंदाने घेतले, कारण त्यात श्वास घेता येत होता, हात हलविता येत होते. त्या काळी हे मोठेच धाडस मानले गेले. त्या धाडसाचे मूळ मात्र अगदी व्यावहारिक सोयीत होते.

जाँ पातू हा तिचा समकालीन आणि प्रतिस्पर्धी. त्याने दुसरी एक गोष्ट ओळखली. कपडा कसा आहे याइतकेच तो कोणाच्या अंगावर आहे यालाही मोल असते. १९२१ मध्ये विम्बल्डनच्या हिरवळीवर फ्रेंच टेनिसपटू सुझान लेंग्लेन ही गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार पांढऱ्या घागऱ्यात, बाह्याविना जाकिटात आणि कपाळावर पट्टी बांधून उतरली. तो पोशाख पातूचा होता. प्रेक्षकांपैकी अनेकांना तो असभ्य वाटला, पण त्या वेषात ती ज्या वेगाने धावत होती तो वेग लांब घागऱ्यात शक्य नव्हता. पुढे ती मैदानाबाहेरही त्याचेच कपडे वापरू लागली. प्रसिद्ध व्यक्तीच्या अंगावरून माल लोकांच्या नजरेत आणण्याची जी पद्धत आज सर्वत्र दिसते, तिचा हा एक आरंभीचा नमुना होय. पातूने १९२५ मध्ये आपल्या वस्त्रगृहात क्रीडापोशाखांचे स्वतंत्र दालन उघडले आणि १९२७ मध्ये उन्हात त्वचेला लावावयाचे तेलही बाजारात आणले. एका गिऱ्हाइकाच्या एका सुटीत किती वस्तू विकता येतील, याचा त्याने पुरता विचार केला होता.

रसाच्या दुकानातून वस्त्रव्यवसाय

अमेरिकेतील लिली पुलित्झर हिची कथा व्यापारी कुटुंबांना विशेष जवळची वाटेल. तिच्या पतीच्या फ्लोरिडात संत्री-मोसंब्यांच्या बागा होत्या. पाम बीचच्या वर्थ अॅव्हेन्यूजवळ तिने ताज्या रसाचे छोटे दुकान मांडले. रस काढताना अंगावरच्या कपड्यांवर डाग पडत. त्यावर उपाय म्हणून तिने गुलाबी, पोपटी, पिवळ्या अशा भडक रंगांच्या छापील सुती कापडाचा साधा, बिनबाह्यांचा झगा शिवून घेतला. रसाचे डाग त्या छापात मिसळून जात आणि दिसत नसत. दुकानात येणाऱ्या स्त्रिया तसा झगा मागू लागल्या. तिने काही झगे शिवून रसाबरोबर विकावयास ठेवले. थोड्याच काळात रसापेक्षा झगे अधिक खपू लागले. १९५९ मध्ये तिने रीतसर वस्त्रव्यवसाय सुरू केला.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जॅकलिन केनेडी या लिलीच्या शाळेतील परिचित होत्या. १९६२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात सुटीवर असलेल्या जॅकलिन यांचे छायाचित्र आले, त्यात त्यांनी लिलीचा झगा घातला होता. त्यानंतर मागणीला पूर आला. हे छायाचित्र जाहिरातीसाठी काढलेले नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे. माल आधी उपयोगी ठरला होता. प्रसिद्धी मागाहून आली. पुढे आवड बदलली आणि १९८४ मध्ये हा व्यवसाय बंद पडला. १९९३ मध्ये दुसऱ्या मालकांनी नावाचे हक्क घेऊन तो पुन्हा उभा केला. बंद दुकानाच्या नावालाही नऊ वर्षांनंतर किंमत येते, ती गिऱ्हाइकाच्या मनातील जुन्या आठवणींमुळे.

इटलीत याच सुमारास एमिलिओ पुच्ची या फ्लॉरेन्सच्या सरदार घराण्यातील गृहस्थाने काप्री बेटावर दुकान थाटले. तो स्वतः वैमानिक आणि बर्फावरील घसरखेळातील खेळाडू होता. प्रवासी माणसाला चुरगळणारे जड कपडे नकोत, हे त्याने अनुभवाने जाणले. त्याच्या रेशमी जर्सीच्या पोशाखांची घडी बॅगेत मुठीएवढ्या जागेत मावे आणि बाहेर काढल्यावर इस्त्रीची गरज पडत नसे. भोवऱ्यांसारखी वळणे घेणारे त्याचे रंगीत छाप दुरूनही ओळखू येत. मेरिलिन मन्रो हिला हे कपडे फार प्रिय होते. १९६२ मध्ये तिच्या निधनानंतर तिला पुच्चीच्याच पोशाखात निरोप देण्यात आला. १९६५ मध्ये ब्रॅनिफ या अमेरिकी विमान कंपनीने आपल्या हवाई सेविकांचे गणवेश त्याच्याकडून करून घेतले. प्रवासासाठी जन्मलेला कपडा असा थेट विमानातच जाऊन पोहोचला.

एका हिरव्या झग्याचा महिमा

धीट पोशाखाची प्रसिद्धी कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरण २३ फेब्रुवारी २००० रोजी लॉस एंजेलिस येथे घडले. गायिका आणि अभिनेत्री जेनिफर लोपेझ ही ग्रॅमी पुरस्कार सोहळ्यास व्हर्साचे या इटालियन वस्त्रगृहाचा झिरझिरीत रेशमी शिफॉनचा झगा घालून आली. त्यावर उष्ण कटिबंधातील जंगलाची हिरवी पाने छापलेली होती आणि गळ्याचा काप नाभीच्याही खाली उतरत होता. जगभर त्याची चर्चा झाली. ते छायाचित्र पाहण्यासाठी गूगलवर इतक्या लोकांनी शोध घेतला की, केवळ शब्दांच्या दुव्यांनी लोकांचे समाधान होत नाही, हे कंपनीच्या लक्षात आले. जुलै २००१ मध्ये गूगलने चित्रशोधाची सोय सुरू केली. तिच्यामागे या झग्याची प्रेरणा होती, असे कंपनीचे तत्कालीन प्रमुख एरिक श्मिट यांनी २०१५ मध्ये नमूद केले.

या घटनेची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. लोपेझने घालण्यापूर्वी हाच झगा प्रदर्शनाच्या मंचावर येऊन गेला होता. स्वतः रचनाकार दोनातेल्ला व्हर्साचे आणि आणखी एका गायिकेनेही तो समारंभांत घातला होता. तेव्हा जगाने त्याची अशी दखल घेतली नाही. वस्त्र तेच, परंतु व्यक्ती, प्रसंग आणि वेळ जुळून यावी लागली. सप्टेंबर २०१९ मध्ये व्हर्साचे यांनी मिलान येथील प्रदर्शनाच्या शेवटी लोपेझला त्याच झग्याच्या नव्या आवृत्तीत मंचावर आणले आणि जुन्या प्रसिद्धीचा पुन्हा एकदा लाभ घेतला.

असा झगा किती जणींनी विकत घेतला असेल? तो विकला जावा ही अपेक्षाच मुळी गौण असते. मोठ्या वस्त्रगृहांचा पैसा बहुधा सुगंधी द्रव्ये, चष्मे, हातपिशव्या, पादत्राणे आणि साधे कपडे यांतून येतो. धीट पोशाख हा दुकानावरील दिवा होय. दिवा विकावयाचा नसतो, त्याच्या उजेडात आतला माल दिसावा लागतो. मोबाइलवर तारकेचे छायाचित्र पाहून जो किंवा जी हुबेहूब तोच पोशाख मागवते, तिने हा भेद मनात धरला तर पुष्कळ खर्च आणि थोडी निराशा टळेल.

हवाना, माराकेश आणि रिकामा चौक

एकविसाव्या शतकात सुटीचा संग्रह दाखविण्यासाठी प्रेक्षकांनाच सुटीवर नेण्याची प्रथा पडली. शानेलने ३ मे २०१६ रोजी क्यूबाची राजधानी हवाना येथे पासेओ देल प्रादो या रस्त्यावर आपले प्रदर्शन भरविले. त्याच महिन्यात लुई व्हिताँने ब्राझीलमधील नितेरॉय येथील वस्तुसंग्रहालयाच्या आवारात आपला संग्रह मांडला. दिओरने एप्रिल २०१९ मध्ये मोरोक्कोतील माराकेश येथे, जुन्या राजवाड्याच्या भग्नावशेषांत प्रदर्शन केले आणि त्यासाठी आयव्हरी कोस्टमधील युनिवॅक्स या कारखान्यात छापलेले आफ्रिकी कापड वापरले.

काही मिनिटांच्या प्रदर्शनासाठी शेकडो पाहुण्यांना विमानाने खंड ओलांडून नेणे कितपत योग्य, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता. त्याचे उत्तर २०२० च्या महामारीने काही काळापुरते दिले. शानेलचे काप्री येथील नियोजित प्रदर्शन रद्द झाले आणि संग्रह पडद्यावर दाखविला गेला. दिओरने इटलीतील लेच्चे गावाच्या चौकात जुलैमध्ये प्रदर्शन केले, पण प्रेक्षकांची जागा रिकामी होती. गुच्चीचे तेव्हाचे रचनाकार अलेस्सांद्रो मिकेले यांनी हंगामांची जुनी नावे सोडून वर्षातून दोनच प्रदर्शने करण्याचा मनोदय त्या मे महिन्यात जाहीर केला. महामारी सरल्यावर मात्र दूरदेशींची प्रदर्शने पुन्हा सुरू झाली. नफ्याचे गणित सवयीपेक्षाही चिवट असते.

मुंबईचे तोरण, गोव्याचा कुणबी कपडा

३० मार्च २०२३ रोजी दिओरने मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर आपला संग्रह सादर केला. तो सुटीचा संग्रह नसून शरद ऋतूच्या आधीचा, म्हणजे असाच मधल्या काळातील संग्रह होता. मंचामागे हातभरतकामाचे भव्य तोरण उभे होते. मुंबईतील चाणक्य या भरतकाम करणाऱ्या संस्थेचे दिओरशी अनेक वर्षांचे संबंध आहेत आणि तिच्याशी निगडित चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टमध्ये स्त्रियांना भरतकाम शिकविले जाते. मुंबईच्या कारखान्यांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः पुरुष कारागिरांच्या हाती होते, म्हणून या गोष्टीचे महत्त्व अधिक. पॅरिसच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक पोशाखांवरील टाका मुंबईत घातला जातो; त्या दिवशी तो मुंबईतच उजळ माथ्याने दिसला.

याच्या उलट प्रसंग जून २०२५ मध्ये घडला. मिलान येथे प्राडाने पुरुषांचा उन्हाळी संग्रह दाखविला, त्यात कोल्हापुरी वहाणेसारखी पादत्राणे होती. पण कोल्हापूरचे नाव कोठेच नव्हते. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातील व्यापारी संघटनेने कंपनीस पत्र लिहिले आणि या रचनेची प्रेरणा भारतीय पारंपरिक पादत्राणांतून घेतल्याचे कंपनीने मान्य केले. एका पत्राने हे घडू शकले, कारण मानांकनाची नोंद आधीच करून ठेवलेली होती.

सुटीचा पोशाख आपल्या मातीतून कसा घडवावा, याचे उत्तर गोव्यात वेंडेल रॉड्रिक्स यांनी दिले. १९६० मध्ये जन्मलेले रॉड्रिक्स मुंबईत वाढले आणि १९९३ मध्ये गोव्यातील कोलवाळ येथे स्थायिक झाले. भारतात लग्नाच्या जड, जरीकाम केलेल्या पोशाखांचा बोलबाला असताना त्यांनी सुती व लिननचे, पांढऱ्या रंगाचे, मोजक्या शिवणीचे कपडे केले. दमट हवेत अंगाला सुखावणारा कपडा हाच त्यांचा आग्रह होता. भारतातील रिसॉर्ट पोशाखाचे प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. थंडीच नसलेल्या प्रदेशाला पाश्चात्त्य ऋतूंची नावे लागू पडत नाहीत, हे मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकनेही मानले आणि आपल्या हंगामांना ‘समर-रिसॉर्ट’ व ‘विंटर-फेस्टिव्ह’ अशी नावे दिली.

रॉड्रिक्स यांचे आणखी मोठे काम म्हणजे कुणबी साडीचे पुनरुज्जीवन. गोव्यातील कुणबी स्त्रिया शेतात राबताना तांबड्या चौकडीची आखूड सुती साडी खांद्यावर गाठ मारून नेसत. तिचे विणकाम लोप पावण्याच्या वाटेवर होते. रॉड्रिक्स यांनी २०१० च्या सुमारास ते कापड पुन्हा विणवून घेतले आणि मोठ्या फॅशन प्रदर्शनाच्या मंचावर मानाने आणले. गोमंतकीय वेशभूषेचा इतिहास सांगणारा ‘मोडा गोवा’ हा ग्रंथ त्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

पेढीने घ्यावयाचा बोध

आज अनेक व्यापारी घरांतील मुली आणि सुना वस्त्रव्यवसायात उतरत आहेत. कोणी घरातूनच प्रदर्शने भरविते, कोणी वडिलांच्या ठोक कापडाच्या पेढीशेजारी तयार कपड्यांचे दालन मांडते. दिवाळीची सुटी, समुद्रकाठची लग्ने आणि उन्हाळ्यातील सहली यांमुळे अशा हलक्या पोशाखांना आपल्याकडेही हंगाम मिळाला आहे. अशा वेळी सर्वांत सोपा मोह असतो तो तारकेच्या अंगावरील छाप जसाच्या तसा उतरविण्याचा. संगणकावर चित्र घेऊन कापडावर छापणे आज काही दिवसांचे काम आहे.

या मोहाच्या आड कायदा येतो आणि त्याची माहिती दोन्ही बाजूंनी हवी. वस्त्रावरील नवी रचना २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदविता येते. नोंदणीचे संरक्षण दहा वर्षे असते आणि ते आणखी पाच वर्षे वाढविता येते. मात्र माल बाजारात आणण्यापूर्वीच नोंदणीचा अर्ज करावा लागतो. आधी प्रसिद्ध झालेली रचना नवी मानली जात नाही. नोंदणीयोग्य रचना नोंदविली नाही आणि तिच्या पन्नासाहून अधिक प्रती यंत्रोत्पादनाने निघाल्या, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १५ नुसार तिच्यावरील कॉपीराइट संपतो. म्हणजे दुसऱ्याची नोंदलेली रचना छापणारा अडचणीत येतो आणि स्वतःची रचना न नोंदणारा तिच्यावरील हक्क गमावतो. सुंदर छाप तयार करणाऱ्या कलावतीस मजुरी देऊन विषय संपला असे मानणाऱ्या पेढीने निदान हा दुसरा धोका तरी ओळखावा.

नक्कल केलेल्या मालाचा आणखी एक तोटा जमाखर्चाच्या वहीतच दिसतो. तोच छाप शेजारच्या चार दुकानांत येतो, भाव पडतो आणि पुढच्या हंगामापर्यंत त्याचे नावही कोणी काढत नाही. लिली पुलित्झरचा झगा डाग लपवीत होता, पुच्चीचा कपडा चुरगळत नव्हता, रॉड्रिक्स यांचा अंगाला चिकटत नव्हता. या तिघांनी गिऱ्हाइकाची एकेक अडचण दूर केली, म्हणून त्यांची नावे टिकली. इचलकरंजीचे सुती कापड, पैठण-येवल्याची वीण, गोव्याची तांबडी चौकडी ही आपल्या हाताशी असलेली सामग्री आहे. तिच्यातून आपल्या हवेला आणि आपल्या घरांतील माणसांना मानवेल असा सुटीचा कपडा घडविणे, त्यावर विणकराचे गाव आणि नाव लिहिणे आणि त्याला वेळेवर दाम देणे, हे कोणत्याही पेढीला येत्या हंगामापासून सुरू करता येण्यासारखे काम आहे.